गुलाब, बिपरजॉय आणि सातपुड्याचा धूर



७ जून २०२३ ची रात्र. साडेअकरा वाजले असतील. दुसऱ्या दिवशी मृग लागणार होता, पण आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मी अंगणात खाटेवर पडलेलो. तेवढ्यात न्यू जर्सीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडे दुपार होती. म्हणाला, "मामा, हे पाहा," आणि फोन खिडकीकडे फिरवला. बाहेर सगळं नारिंगी. भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लागलेले. मला वाटलं तिकडे धुळीचं वादळ आलं. तो म्हणाला, "धूळ नाही मामा, धूर आहे. कॅनडात जंगल पेटलंय, तिथून इथपर्यंत आलाय. मास्क लावून ऑफिसला जातोय आम्ही."

क्युबेकमधली ती जंगलं न्यूयॉर्कपासून शेकडो किलोमीटर दूर. तरी त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक ४०० च्या वर गेला होता. मी त्याला म्हटलं, तुमच्याकडे धूर आलाय, आमच्याकडे पाऊस यायचाय. त्याने विचारलं, "पण अरबी समुद्रात चक्रीवादळ आलंय ना? मग पाऊस येईलच."

मलाही तसंच वाटत होतं. आणि तिथेच मी चुकलो.

आज ही नोंद लिहितोय ती त्या चुकीपायी. पण ती समजायला थोडं मागे जावं लागेल. आधी २०२१, मग १९६८, आणि त्याच्याही मागे.

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. कपाशीची बोंडं फुटायला लागली होती. टीव्हीवर बातमी, 'गुलाब' नावाचं चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं. नकाशावर पाहिलं तर आपल्यापासून हजार किलोमीटरच्या आसपास. पारावर सगळे म्हणाले, आपल्याला काय त्याचं? मीही म्हणालो. मजूर मिळत होते, पण सोमवारी दुसरं काम काढलं, वेचणी बुधवारवर ढकलली.

मंगळवारी, २८ तारखेला, ते आपल्यावर आलं. वादळ म्हणून नाही आलं. वारा केव्हाच मेला होता, उरला होता फक्त ओला ढग. तेलंगणा, विदर्भ, मराठवाडा करत कमी दाबाचं ते क्षेत्र पश्चिमेला सरकत होतं आणि वाटेत पाणी ओतत होतं. मराठवाड्यात मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. आमची फुटलेली बोंडं भिजून काळी पडली. त्यापुढचा प्रवास तर आणखी नवलाचा. तेच क्षेत्र गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथे त्याला पुन्हा बळ आलं, 'शाहीन' असं नवं नाव मिळालं आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर गेलं. बंगालच्या उपसागरात जन्मलेलं वादळ आपल्या शेतावरून चालत अरबस्तानात पोचलं.

तेव्हा मला आजोबांचं एक वाक्य आठवलं. तापीकाठच्या माणसांच्या तोंडी असतं तसलं. "पानी वर पडस, पूर आठे येस." पाऊस वर पडतो, पूर इथे येतो.

आजोबा हे १९६८ च्या पुराबद्दल सांगायचे. ऑगस्टचा पहिला आठवडा. पाऊस आपल्याकडेही होता, पण एवढा नव्हता की तापी गावात शिरावी. आणि तापी शिरली. गुरं सोडून दिली, दाण्याची पोती माळ्यावर टाकली, बायापोरं उंच रानात नेली. पुढे तोच पूर ५-६ ऑगस्टला सुरतेत घुसला. तिथे तापीतून सुमारे १५ लाख क्युसेक पाणी वाहिल्याची नोंद आहे. तेव्हा उकाईचं काम चालू होतं, ते धरण पूर्ण झालं १९७२ साली. आपलं हतनूर तर १९८२ चं. म्हणजे मुलताईपासून सुरतेपर्यंत त्या पाण्याला अडवणारं मोठं काही नव्हतं.

त्या पुराच्या मागेही बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्रच होतं, जे मध्य भारत ओलांडून पश्चिमेला आलं. इथे आपल्या तापीची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला वाहतात. गोदावरी, कृष्णा, भीमा, सगळ्या. तापी आणि नर्मदा पश्चिमेला. बंगालच्या उपसागरातली पावसाळी क्षेत्रंसुद्धा पूर्वेकडून पश्चिमेकडे चालतात. गोदावरीत पाऊस नदीच्या उलट दिशेने वर चढतो, म्हणून खालचं पाणी आधी निघून जातं. तापीत पाऊस नदीच्या सोबतच चालतो. आधी बैतूलकडे पडतो, मग बऱ्हाणपूरला, मग पूर्णेच्या खोऱ्यात, मग आपल्याकडे. वरचं पाणी चांगदेवच्या संगमावरून खाली येतं त्याच वेळी खालचे नालेही भरून येतात. पाण्यावर पाणी चढतं. आजोबांना हवामानशास्त्र माहीत नव्हतं, पण त्यांच्या त्या एका वाक्यात हे सगळं होतं.

तर २०२१ मध्ये गुलाबने मला शिकवलं की दूरचं वादळ आपलंही असतं. धडा खरा होता, पण अर्धा.

आता २०२३ कडे या. जून महिन्यातल्या तीन तारखा लागोपाठ लिहून ठेवल्यात माझ्या वहीत. ६ जूनला गोव्याच्या पश्चिमेला खोल समुद्रात 'बिपरजॉय' चक्रीवादळ तयार झालं. बंगालीत या शब्दाचा अर्थ संकट. ७ जूनला भाच्याकडचं आभाळ नारिंगी झालं. ८ जूनला मान्सून केरळात पोचला, ठरल्या तारखेपेक्षा आठवडाभर उशिरा, आणि त्याच दिवशी अमेरिकेच्या हवामान संस्थेने एल निनो सुरू झाल्याचं जाहीर केलं.

माझ्या डोक्यात हिशेब सोपा. बंगालच्या उपसागरातलं वादळ हजार किलोमीटरवरून येऊन आपल्याला भिजवून गेलं, तर अरबी समुद्र त्याहून कितीतरी जवळ. मोबाइलवर फिरणारे मेसेजही तेच सांगत होते, मुसळधार येणार म्हणून. २०२० च्या ३ जूनचं 'निसर्ग' आठवत होतंच. ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं उरलेलं अंग उत्तर महाराष्ट्रावरून सरकत गेलं, तेव्हा पाऊस झाला होता. मग म्हटलं, आताही होणार.

ठिबकवरची कपाशी आधीच लावलेली होती, तिची चिंता नव्हती. पण चार एकर जिरायत रान मोकळं होतं. १२ जूनला एक हलकी सर आली, माती वरवर ओली झाली. मी बियाण्याची आठ पाकिटं त्या रानात टोबून टाकली. त्या वर्षी पाकिटाचा भाव ८५३ रुपये. म्हणजे ६,८२४ रुपयांचं बियाणं, मजुरी वेगळी. घरची म्हणाली होती, थांबा चार दिवस. मी म्हणालो, वादळ येतंय, मग मजूर मिळणार नाहीत.

वादळ आलंच नाही. ते उत्तरेला सरकत राहिलं. एकूण तेरा दिवस जगलं. १५ जूनला संध्याकाळी कच्छमध्ये जखाऊजवळ जमिनीवर चढलं आणि मग राजस्थानात पाऊस पाडला. इकडे मान्सून ११ जूनला कोकणात रत्नागिरीपर्यंत येऊन तिथेच बसला. पुढे सरकला तो २३ तारखेनंतर. २५ जूनला तर मुंबई आणि दिल्ली एकाच दिवशी गाठली, जे त्याआधी १९६१ साली घडलं होतं. तोवर माझं अर्धं बी जमिनीत भाजलं होतं आणि जे उगवलं त्याच्या माना खाली गेल्या होत्या. जूनच्या शेवटी पुन्हा टोबणी केली.

नंतर एका कृषी हवामान अभ्यासकाला गाठून विचारलं, असं का झालं. त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत सांगतो. चक्रीवादळ म्हणजे मोठी चूल. तिला हवा लागते, आणि ती ओली हवा चहूबाजूंनी ओढून घेते. मान्सूनचा वारा ज्या बाष्पाच्या जोरावर आपल्याकडे येणार, तेच बाष्प समुद्रातलं वादळ स्वतःकडे ओढतं. वादळ आपल्या रोखाने किनाऱ्यावर आलं, निसर्गसारखं, तर ते बाष्प आपल्याला मिळतं. ते किनाऱ्यापासून दूर राहून कच्छकडे किंवा ओमानकडे गेलं, तर आपल्या वाटचं तेच घेऊन जातं.

बंगालच्या बाजूचंही त्यांनी एक सांगितलं. पावसाळ्यात तिकडून पश्चिमेला चालणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्राचा जोराचा पाऊस बहुधा त्याच्या डाव्या अंगाला, नैर्ऋत्येला पडतो. म्हणून केंद्र मध्य प्रदेशातून, सातपुड्याच्या पलीकडून जाणार असेल तर खानदेशाने सावध व्हावं. आपल्या नावाचा जिल्हा नकाशावरच्या रेषेखाली नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

हेही गणितासारखं पाठ करू नका. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळं अरबी समुद्रात एकाच वेळी होती. त्यातलं एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलं नाही, तरी त्या दिवसांतल्या पावसाने राज्यभर काढणीला आलेली पिकं झोपवली. तेव्हा वादळ कुठल्या समुद्रात आहे, कुठे चाललंय आणि महिना कोणता, या तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. मी फक्त एकच पाहिली होती, वादळ आहे की नाही.

या माहितीचाही एक इतिहास आहे. 'सायक्लोन' हा शब्द आपल्या देशातच घडला. कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रजाने तो खलाशांसाठी लिहिलेल्या १८४८ च्या पुस्तकात रूढ केला. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर भयंकर वादळ आलं, हजारो माणसं गेली, बंदरातली जहाजं फुटली. त्यानंतर बंदरांना वादळाची सूचना देण्याची सोय सुरू झाली. १८७५ साली भारतीय हवामान खातं स्थापन झालं. म्हणजे इशारा आधी मिळाला जहाजांना. शेतकऱ्याची पाळी फार उशिरा आली.

दुष्काळांनी ती आणली. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९९-१९०० चा, ज्याला आपल्याकडे जुनी माणसं छप्पन्न सालचा दुष्काळ म्हणत, विक्रम संवत १९५६ वरून. पहिल्या दुष्काळानंतर हवामान खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला घेतला. दुसऱ्यानंतर, १९०४ साली, गिल्बर्ट वॉकर आले. ते गणिती होते. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी मांडल्या आणि दाखवलं की प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, तराजूसारखा, आणि आपल्या पावसाचा त्याच्याशी संबंध आहे. आज एल निनो म्हणून जे ऐकतो, त्याच्या अभ्यासाची एक मुळी इथल्या दुष्काळात आहे. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला.

खास शेतीसाठी हवामानाचा विभाग पुण्यात १९३२ साली सुरू झाला, एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखाली. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमी १९४५ पासून. आणि आपल्या समुद्रातल्या वादळांना नावं द्यायला सुरुवात झाली २००४ पासून. १९६८ चा पूर आला तेव्हा आजोबांच्या गावात बातमी यायला नदीशिवाय दुसरा टपाल नव्हता. मला २०२३ मध्ये क्षणाक्षणाला उपग्रहाचं चित्र दिसत होतं. तरी आजोबांनी गुरं वाचवली आणि मी बी जाळलं. बातमी माझ्याकडे जास्त होती, वाचता कमी आली.

आता धुराचं. भाच्याचा तो फोन मी विसरलो नव्हतो.

आपल्याला धूर नवीन नाही. मार्च लागला की चोपड्याहून उत्तरेला पाहा. दिवसा सातपुडा दिसेनासा होतो, रात्री डोंगरावर लाल रेघ सरकताना दिसते. साग, अंजन, सालईची पानं झडलेली, गवत वाळलेलं. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पेटवतात, कधी नुसती विडी पडते. वनखातं जाळरेषा काढतं, तरी वणवा त्या ओलांडतो. रात्री डोंगरावरची गार हवा उताराने खाली तापीच्या खोऱ्याकडे येते आणि धूर सोबत आणते. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला की सकाळी उन्ह तापेपर्यंत तो धूर खालीच कोंडतो. म्हाताऱ्यांचा खोकला आणि सोलर पंपाची मंदावलेली धार, दोन्ही त्या दिवसांत पाहिलंय.

पारावर यावर बोलणं निघालं की आपण सगळे डोंगराकडे बोट दाखवतो. मीही दाखवायचो. २०२४ च्या मार्चमध्ये भाच्याचा पुन्हा फोन. कॅनडाच्या धुरानंतर त्याला नाद लागला होता, नासाच्या फर्म्स नावाच्या नकाशावर जगात कुठे आग लागलीय ते पाहायचा. म्हणाला, "मामा, सातपुड्यात खूप ठिपके आहेत. पण एक ठिपका आपल्या शेताजवळ आहे. काय जळलं तिथे?"

दोन दिवसांपूर्वी मी पऱ्हाट्या पेटवल्या होत्या.

काय सांगणार? म्हटलं, कपाशीच्या काड्या होत्या, गुलाबी बोंडअळी मरावी म्हणून जाळल्या. ते खोटंही नाही. अळीचे कोष पऱ्हाटीत राहतात, त्यामुळे पऱ्हाटीचे ढीग बांधावर ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण ते सांगतं डिसेंबर संपेपर्यंत शेत मोकळं करा. मी मार्चमध्ये जाळत होतो. तोवर अळीचं काम झालेलं असतं. मी जाळल्या त्या फक्त रान लवकर मोकळं व्हावं म्हणून.

धुराबद्दलचा आणखी एक अर्धा धडा आपल्या केळीवाल्यांचा. थंडीत पारा घसरला की बागेच्या कडेने रात्री शेकोट्या पेटवून धूर करायचा, ही जुनी रीत. धुराचं पांघरूण बागेला ऊब देतं असं आपण मानतो. प्रत्यक्षात धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून वर जाणारी उष्णता त्यांना फारशी अडत नाही. जो फायदा होतो तो जाळाच्या उष्णतेचा आणि हवा हलल्याचा. त्याहून जास्त फायदा रात्री विहिरीचं पाणी सोडल्याने होतो, कारण जमिनीतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. म्हणून गेले दोन हिवाळे मी ओला पाला पेटवून गावभर धूर करत नाही, रात्रपाळीची वीज असेल तेव्हा पाणी देतो आणि वाऱ्याच्या बाजूला शेवरीचं कुंपण वाढवतोय.

पऱ्हाट्यांचंही बदललं. मागच्या हंगामात भाड्याने श्रेडर आणलं आणि काड्या बारीक करून रानातच गाडल्या. जाळण्यापेक्षा खर्च आला, खोटं बोलणार नाही. दोन शेजाऱ्यांनी मिळून आणलं म्हणून परवडलं. एकट्याने कठीण आहे. पण डोंगरावरच्या पवारा-बारेला भावांना वणव्याबद्दल काही म्हणायचं, तर आधी आपला बांध विझलेला असावा.

जाता जाता माझ्यापुरते ठरवलेले नियम लिहितो, तुम्ही तुमचे ठरवा.

वादळाचं नाव ऐकलं की पहिला प्रश्न, कुठल्या समुद्रात आणि कुणीकडे चाललंय? बंगालचं असेल तर किनाऱ्यावर धडकल्यावर बातम्या बंद होतात, पण आपलं काम तिथून सुरू होतं. पुढचे दोन-तीन दिवस पाहायचे. वेचणीला आलेला कापूस थांबवायचा नाही. अरबी समुद्रातलं असेल आणि उत्तरेला चाललं असेल तर बियाण्याच्या पाकिटाला हात लावायचा नाही. रानात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, हा कृषी खात्याचा जुना सल्ला वादळाच्या बातमीने रद्द होत नाही. मंगळवार आणि शुक्रवारचा जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला वाचायचा, आणि फिरत आलेला मेसेज त्यानंतर.

आणि शेवटचं. घरात १९६८ चा पूर पाहिलेलं कोणी असेल तर पाणी कुठल्या ओट्यापर्यंत आलं होतं, ते विचारून भिंतीवर खूण करून ठेवा. आमच्या आजोबांनी दाखवलेली खूण मी घर दुरुस्त करताना पुसून टाकली. आता अंदाजाने सांगतो, इथे कुठेतरी होती म्हणून.